पहिला प्रश्न भलत्याच माणसाने विचारला: ‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश कसा वाचावा

मध्यरात्र आहे. डेन्मार्कमधल्या एल्सिनोर किल्ल्याच्या तटावर फ्रान्सिस्को नावाचा शिपाई एकटाच पहाऱ्यावर उभा आहे. त्याची पाळी संपत आली आहे. अंधारातून कुणीतरी येतं आणि विचारतं, “कोण आहे?”

हा प्रश्न कोण विचारतंय, ते पुन्हा एकदा बघा. पहाऱ्याची रीत साधी असते. जो उभा आहे त्याने हटकायचं आणि जो येतो त्याने ओळख सांगायची. इथे हटकतो बर्नार्डो, म्हणजे पाळी घ्यायला आलेला माणूस. फ्रान्सिस्को त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करतो: “छे, तू सांग मला. थांब तिथंच, ओळख दे.” नाटक सुरू होऊन दोन ओळी झाल्या आहेत आणि रीत उलटीपालटी झाली आहे.

असं का झालं, हे आपल्याला थोड्या वेळाने कळतं. बर्नार्डोने याच तटावर आधी दोनदा काहीतरी पाहिलेलं आहे. समोरच्या काळ्या आकृतीत त्याला आपला सोबती दिसत नाही, दुसरंच काही दिसतं. भीतीने त्याच्या तोंडून तो प्रश्न निसटला आहे. फ्रान्सिस्कोला मात्र यातलं काही ठाऊक आहे असं दिसत नाही, म्हणून तो नियमाने वागतो. एक घाबरलेला, एक न घाबरलेला. शेक्सपिअरने हे कुठेही सांगितलेलं नाही, फक्त प्रश्न भलत्या माणसाच्या तोंडी घातला आहे.

नाटकाचा पहिला प्रवेश म्हणजे प्रस्तावना, पात्रांची आणि पार्श्वभूमीची ओळख करून देण्याची जागा, असं आपण शाळा-कॉलेजात शिकतो. बऱ्याच नाटकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण ‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश त्या नजरेने वाचला तर तो फार किरकोळ वाटतो. नायक नाही, नायिका नाही, खलनायक नाही. तीन शिपाई, एक शिकलेला मित्र आणि एक शब्दही न बोलणारं भूत. जेमतेम पावणेदोनशे ओळी. माझं म्हणणं असं आहे की पुढच्या पाच अंकांत राजपुत्र हॅम्लेटला जे जे भोगावं लागणार आहे, त्याची तालीम हे साधे शिपाई या एका रात्रीत करतात. डोळ्यांना दिसलं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, त्याच्याशी बोलायचं की नाही, त्याच्यावर हत्यार उगारायचं की नाही, आणि उगारलं तर नंतर काय वाटतं. हे धरून वाचलं की प्रवेशातली एकही ओळ फुकट गेलेली दिसत नाही.

मराठीत हा प्रवेश आणायचा म्हटलं की पहिल्याच वाक्याला ठेच लागते. आपल्या ऐतिहासिक आणि पौराणिक नाटकांनी “कोण आहे रे तिकडे?” हे वाक्य राजाच्या मालकीचं करून टाकलं आहे. राजा टाळी वाजवतो, हे वाक्य म्हणतो आणि सेवक मुजरा करत आत येतो. त्या वाक्यात हुकूम आहे. बर्नार्डोच्या प्रश्नात हुकमाचा लवलेश नाही. त्याला दबक्या आवाजातला, अर्ध्यात अडकलेला “कोण?... कोण ते?” हवा. तीन शब्दांच्या वाक्यातही कुठला माणूस बोलतोय हे ठरवल्याशिवाय भाषांतर होत नाही, हे इथे फार स्वच्छ दिसतं.

मराठीत हे नाटक यायला तशी घाई झाली होती. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, तेव्हा आगरकर ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरात गुंतले होते. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये छापलं गेलं. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी यांनी ती मुख्य भूमिका गाजवली. त्या काळच्या मराठी प्रेक्षकाची सवय लक्षात घ्या. १८८० मध्ये आलेल्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मध्ये आधी नांदी होते, मग सूत्रधार येतो, प्रेक्षकांशी बोलतो आणि हात धरून त्यांना नाटकात नेतो. ‘हॅम्लेट’मध्ये हात धरणारं कुणीच नाही. शेक्सपिअरनेही ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या आरंभी निवेदक उभा करून पुढचं सगळं सांगून टाकलं होतं. इथे त्याने ते मुद्दाम टाळलं. शिपायांना जेवढं ठाऊक आहे त्याहून कमीच प्रेक्षकाला ठाऊक आहे.

आता फ्रान्सिस्को ओळख मागतो त्यावर बर्नार्डो काय म्हणतो ते पाहा: “राजा चिरायू होवो!” परवलीचा शब्द म्हणून हे चालून जातं, आणि पहिल्या वाचनात आपण सहज पुढे जातो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र थबकायला होतं. कुठला राजा? जुना राजा, हॅम्लेटचा बाप, नुकताच मेला आहे. त्याच्या गादीवर त्याचा भाऊ क्लॉडियस बसला आहे आणि त्यानेच जुन्या राजाला मारलं आहे, हे आपल्याला पुढे कळणार आहे. आणखी काही मिनिटांनी याच तटावर मेलेला राजा चालत येणार आहे.

पाळी बदलताना फ्रान्सिस्को म्हणतो, “सुटका केलीस, फार उपकार झाले. थंडी मरणाची आहे, आणि जीव उदास झालाय.” जीव उदास का झाला? त्याने भूत पाहिलेलं नाही. त्याच्या घरी काही झालं आहे असंही नाही. तो पुढे नाटकात कधी दिसतसुद्धा नाही. झोपायला जातो तो जातोच. तरी नाटकभर जो काळोख मनात साचत जाणार आहे त्याचा पहिला उच्चार या नगण्य माणसाच्या तोंडून होतो. मला हा फ्रान्सिस्को फार जवळचा वाटतो. राज्यात काहीतरी बिघडलंय हे दरबारातल्या लोकांच्या आधी रात्रपाळी करणाऱ्याला जाणवतं.

बर्नार्डो विचारतो, पहारा शांत गेला ना? उत्तर येतं, “उंदीरसुद्धा हलला नाही.” हा उंदीर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

थोडं त्या रंगभूमीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर या संवादांचं काम कळत नाही. हे नाटक १६०० च्या आसपास लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात झालं. ग्लोब १५९९ मध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर उभं राहिलं होतं. मधला भाग उघडा, वर आभाळ, आणि प्रयोग दुपारी. म्हणजे मध्यरात्रीचा हा प्रवेश लख्ख उजेडात होत असे. दिवे नाहीत, पडदा नाही, काळोख करायला कुठलंही साधन नाही. मग काळोख कशाने करायचा? एकमेकांपासून चार पावलांवर उभे असलेले दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, एवढ्याने. “बाराचे ठोके पडले, जा, झोप तू,” एवढ्याने. “थंडी मरणाची,” एवढ्याने. आज प्रकाशयोजना करणाऱ्याचं जे काम असतं ते इथे वाक्यं करतात. म्हणूनच हल्ली या प्रवेशाला रंगमंचभर धूर सोडून निळा प्रकाश टाकतात तेव्हा मला वाईट वाटतं. डोळ्यांनी सगळं आधीच सांगून टाकलं की कानांना काही उरत नाही. हा प्रवेश घरी दोघांनी मोठ्याने वाचून बघावा, भर दुपारी. अंधार होतो.

ओळींची लांबीही ऐकण्यासारखी आहे. शेक्सपिअरची नेहमीची ओळ दहा अक्षरांची, एका आड एक अक्षरावर जोर असलेली. इथे सुरुवातीला ती ओळ धड लागतच नाही. “बर्नार्डो?” “तोच.” असे तुकडे पडत जातात. श्वास लागलेल्या माणसांचं बोलणं आहे ते. होरेशिओ आणि तिसरा शिपाई मार्सेलस येतात, चारजण जमतात आणि मगच ओळी भरायला लागतात.

होरेशिओ हा हॅम्लेटचा मित्र, शिकलेला माणूस. शिपायांनी त्याला साक्षीदार म्हणून आणलं आहे, कारण तो म्हणतोय की हा सगळा तुमच्या मनाचा खेळ. आल्या आल्या प्रश्न येतो, “काय, ती वस्तू आज पुन्हा दिसली का?” वस्तू! भूतही नाही, राजाही नाही. काय आहे हे ठाऊक नसलं की माणूस असाच शब्द वापरतो. आपल्याकडेही खेडोपाडी रात्री नाव घेत नाहीत, “ते” म्हणतात.

आणि या “ते”मध्ये मराठीने एक मोठी सोय करून ठेवली आहे. भूत नपुंसकलिंगी, म्हणून “ते आलं”. राजा आदरार्थी, म्हणून “ते आले”. सर्वनाम एकच, फरक फक्त क्रियापदाच्या शेवटच्या स्वराचा. संपूर्ण प्रवेशभर या माणसांना नेमका हाच पेच पडला आहे: समोर आहे ते “आलं” म्हणायचं की “आले” म्हणायचं? मार्सेलस विचारतो, “राजासारखंच दिसतंय ना?” इंग्रजीतही ते त्याला निर्जीव वस्तूचं सर्वनाम लावत राहतात, पण मराठी नट हा एक स्वर बदलून सगळी धास्ती आणि सगळा आदर दाखवू शकतो. तीच गोष्ट “तू” आणि “आपण” यांची. भुताला तू म्हणता येतं. मेलेल्या महाराजांना कसं म्हणायचं?

आता मला या प्रवेशाची सगळ्यात सुंदर वाटणारी रचना. बर्नार्डो म्हणतो, जरा बसा, काल काय झालं ते सांगतो. सगळे बसतात. तो अगदी सावकाश सुरुवात करतो: काल रात्री, ध्रुवाच्या पश्चिमेचा तो तारा आता जिथे चमकतोय तिथे आला होता, एकचा ठोका पडत होता... आणि वाक्य पुरं होण्याआधी भूत येतं. गोष्ट सांगून व्हायच्या आत गोष्ट घडते. भूत जातं. सगळे हादरतात. मग मार्सेलस म्हणतो, बसा आणि मला कुणीतरी सांगा की हे रात्रंदिवस पहारे कशासाठी चालले आहेत. पुन्हा बसतात. होरेशिओ लांबलचक हकिगत सांगतो. ती जेमतेम संपते आणि भूत पुन्हा येतं. दोनदा बसणं, दोनदा सांगणं, दोनदा मोडणं. “थांबा, आधी नीट समजून घेऊ” असं म्हणणाऱ्यांना हे नाटक स्वस्थ बसू देत नाही. हॅम्लेटचं पुढे तेच होणार आहे.

पहिल्यांदा भूत येतं तेव्हा मार्सेलस म्हणतो, “होरेशिओ, तू शिकलेला आहेस, तू बोल त्याच्याशी.” शिकलेलाच का? एक तर समजूत अशी की भूत आपण होऊन बोलत नाही, त्याला आधी बोलतं करावं लागतं. दुसरं म्हणजे पिशाच्च घालवण्याचे विधी लॅटिनमध्ये असत आणि लॅटिन शिकलेल्यालाच येई. आपल्याकडे मांत्रिकाला हाक मारतील, तिथे विद्यापीठातल्या मुलाला पुढे केलं. यामागे त्या काळचा खराखुरा वाद आहे. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे पापं जळून शुद्ध होईपर्यंत आत्मे मधल्या एका लोकात असतात आणि तिथून ते येऊ शकतात. प्रॉटेस्टंट धर्मगुरूंनी तो मधला लोकच नाकारला. मग भूत दिसलं तर तो एक तर भास, नाहीतर सैतानाची चाल. शेक्सपिअरचं इंग्लंड अधिकृतपणे प्रॉटेस्टंट, पण कित्येकांचे आजी-आजोबा कॅथलिक. त्या प्रेक्षकांत बसलेल्या माणसाला हे भूत काय आहे हे खरोखर ठरवता येत नव्हतं. होरेशिओ विटेनबर्गच्या विद्यापीठातला, हे आपल्याला दुसऱ्या प्रवेशात कळतं. विटेनबर्ग म्हणजे मार्टिन ल्यूथरचं गाव. त्याचा अविश्वास असा वाऱ्यावरचा नाही.

होरेशिओ भुताला विचारतो, “रात्रीची ही वेळ आणि मेलेल्या राजाचं हे योद्ध्याचं रूप बळकावणारा तू कोण?” बळकावणं हा शब्द त्याने भुताला लावला. ज्याने खरोखर बळकावलं आहे तो या वेळी खाली किल्ल्यात आहे. हे होरेशिओला ठाऊक नाही, पण शब्द जाऊन बसतो बरोबर. भूत रागावतं आणि निघून जातं.

मग ती लांबलचक हकिगत. बहुतेक वाचक इथे कंटाळतात, आणि प्रयोगात हा भाग बहुधा कापतात. थोडक्यात अशी: जुन्या हॅम्लेट राजाला नॉर्वेच्या फोर्टिनब्रासने द्वंद्वाचं आव्हान दिलं, फोर्टिनब्रास मारला गेला, करार होता त्याप्रमाणे त्याची जमीन डेन्मार्कला मिळाली. आता त्याचा तरणा मुलगा भाडोत्री दांडगट जमवून ती परत घ्यायला निघाला आहे. म्हणून तोफा ओततायत, म्हणून जहाजं बांधणाऱ्यांना रविवारचीही सुट्टी नाही. बाप मारला गेलेला मुलगा आणि तो काय करतो, ही गोष्ट हॅम्लेटचं नाव यायच्या आधी एका परक्या मुलाच्या रूपाने आपल्यापुढे ठेवली आहे. फोर्टिनब्रास हा हॅम्लेटचा आरसा आहे. नाटकाच्या शेवटी डेन्मार्कची गादी त्यालाच मिळते, म्हणून हा भाग कापणाऱ्यांवर माझा राग आहे.

होरेशिओ म्हणतो, भुताच्या अंगावरचं हे चिलखत त्या द्वंद्वातलंच. पाचव्या अंकात कबर खणणारा सांगतो की ते द्वंद्व झालं त्याच दिवशी हॅम्लेटचा जन्म झाला. मग हॅम्लेटच्या बरोबरीच्या होरेशिओने ते चिलखत त्या दिवशी पाहिलं कसं? शेक्सपिअरची नजरचूक असेल. पण एवढ्या खात्रीने बोलणाऱ्याची माहितीही ऐकीव असू शकते, हे या नाटकाला शोभतं.

होरेशिओ तर्कही करतो आणि ते सगळे चुकतात. देशावर संकट येणार असेल. जिवंतपणी लुबाडून पुरून ठेवलेलं धन असेल. गुप्तधनापायी घुटमळणारं भूत आपल्याला काही नवीन नाही, तिथेही तीच समजूत. सीझरच्या खुनाआधी रोममध्ये मुडदे रस्त्यावर येऊन किंचाळत होते, असाही दाखला तो देतो. (तुमच्या प्रतीत हे सीझरचं बोलणं सापडलं नाही तर गोंधळू नका. १६०४-०५ च्या छापील प्रतीत ते आहे, १६२३ च्या संग्रहात नाही.) खून झालाय, तो घरातच झालाय, हे मात्र त्याच्या डोक्यात येत नाही. सगळ्यात शहाण्या माणसाला सगळ्यात जवळचं दिसत नाही.

दुसऱ्यांदा भूत येतं. होरेशिओ वाट अडवतो, बोल म्हणतो, थांब म्हणतो. भूत बोलण्याच्या बेतात असतं आणि कोंबडा आरवतो. “थांबव त्याला, मार्सेलस!” “मारू का माझ्या भाल्याने?” “मार, थांबत नसेल तर.” “इथे आहे!” “इथे आहे!” “गेलं.” आणि लगेच मार्सेलसचं वाक्य येतं: एवढ्या राजबिंड्या रूपावर आपण हत्यार चालवलं, हे चुकलंच आपलं, ते तर हवेसारखं, त्याला घाव लागतच नाही.

आता तो उंदीर. तिसऱ्या अंकात हॅम्लेट आईच्या महालात असतो. पडद्यामागे कुणीतरी ओरडतं. हॅम्लेट म्हणतो, “काय, उंदीर?” आणि पडद्यातून तलवार खुपसतो. आई किंचाळते, काय केलंस हे? तो म्हणतो, “मला ठाऊक नाही. राजा आहे का?” राजा नसतो, त्याचा म्हातारा सल्लागार पोलोनियस असतो. पहिल्या रात्री शिपायांनी जे केलं तेच हे आहे. दिसत नाही त्याच्यावर घाव, राजा आहे की नाही याचा संशय, आणि मागाहून पश्चात्ताप. फरक एवढाच की तेव्हा हवेवर भाला चालला होता आणि इथे माणूस मेला. इंग्रजीत पहिला शब्द घरातल्या चिमुकल्या उंदराचा आहे आणि दुसरा मोठ्या घुशीचा. म्हणजे तेवढ्या वेळात तो उंदीर वाढलासुद्धा.

भूत गेल्यावर मार्सेलस सांगतो की नाताळच्या दिवसांत कोंबडा रात्रभर आरवतो म्हणे, तेव्हा कुठल्याही पिशाच्चाची बाहेर पडायची छाती होत नाही. होरेशिओ म्हणतो, “मीही ऐकलंय, आणि थोडंफार खरंही मानतो.” प्रवेशाच्या सुरुवातीला “दिसणार नाही काही” म्हणणारा माणूस दहा-पंधरा मिनिटांत इथवर आला. आता ओळीही भरदार झाल्या आहेत: “ती बघा, तांबूस घोंगडी पांघरून पहाट पूर्वेच्या डोंगरावरचं दव तुडवत चालली आहे.” पुढ्यात बसलेल्या दुपारच्या प्रेक्षकांना सुरुवातीला रात्र दिली होती, आता पहाट दिली.

आणि अगदी शेवटी, चार-पाच ओळी उरल्या असताना, नायकाचं नाव येतं. होरेशिओ म्हणतो, हे तरुण हॅम्लेटला सांगू या. आपल्यापुढे मुकं राहिलेलं हे भूत त्याच्याशी बोलेल.

दुसऱ्या प्रवेशात ते खरंच त्याला सांगायला जातात. हॅम्लेट एकामागून एक प्रश्न विचारतो. चिलखत होतं? डोक्यापासून पायापर्यंत? चेहरा दिसला? रागावलेला होता? मग विचारतो, किती वेळ होतं? होरेशिओ म्हणतो, बेताच्या वेगाने शंभर मोजून होतील इतका वेळ. शिपाई म्हणतात, “जास्त, जास्त.” होरेशिओ म्हणतो, “मी पाहिलं तेव्हा नाही.”